चादरीची खोली : प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वाचनालयाने वरची खोली दिली. दोन खिडक्या, एक पंखा, उत्तरेकडच्या भिंतीला ओल. विषय सोलापुरी चादर आणि ती विणणारी माणसं. दिवाळीनंतर उघडायचं ठरलंय. पैसे बेताचेच आहेत आणि एका परीने ते बरंच आहे. भरपूर असते तर आजच्या बैठकीत मागितलेलं सगळं घ्यावं लागलं असतं.

काय काय मागितलं ते लिहून ठेवतो : व्हीआर चष्मे, काचेत तरंगणारी चादर, भिंतभर प्रोजेक्टर, स्वागताला रोबो. चष्म्याबद्दल माझं म्हणणं असं की तो एका वेळी एकाच्याच डोक्यावर चढतो आणि आपल्याकडे अशा ठिकाणी कुणी एकटं येत नाही. आजी, सून, दोन पोरं, सुट्टीला आलेला भाचा अशी टोळी येते. एकाने चष्मा घालून हवेत हात फिरवायचे आणि बाकीच्यांनी बाकावर बसून त्याची गंमत बघायची. याला अनुभव म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

एक अट मात्र मी पहिल्याच दिवशी घालून घेतली. जे काही बसवू ते बिघडलं तर वाचनालयाच्या शिपाईमामांना दुरुस्त करता आलं पाहिजे. निदान बंद करून परत चालू करता आलं पाहिजे. पुण्याहून माणूस येईपर्यंत "तांत्रिक कारणास्तव बंद" असा कागद चिकटवलेली यंत्रं मी बरीच पाहिली आहेत.

११ जून

चादरीच्या मागांच्या शेडमध्ये सकाळ गेली. पहिली काही मिनिटं नुसता खडखडाट, काहीच कळत नाही. मग डोळे वर जातात. मागाच्या वर लोखंडी चौकटीत जॅकार्ड, म्हणजे नक्षी ठरवणारं यंत्र, बसवलेलं असतं आणि त्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची दोरीने ओवलेली माळ फिरत असते. बाण्याच्या, म्हणजे आडव्या, प्रत्येक धाग्याला एक पुठ्ठा. चौकोनी सिलिंडर गर्रकन एक घर फिरतो, नवा पुठ्ठा सुयांसमोर येतो. जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते, तिचा हूक जागेवर राहतो आणि वर उचलणाऱ्या पात्यात अडकून ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर घेतो. जिथे भोक नाही तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, हूक पात्यावरून सरकतो, धागा खालीच राहतो. मधल्या फटीतून बाण्याचा धागा घेऊन धोटा सटकन पलीकडे जातो. बस, एवढंच. हे अखंड चालू राहिलं की मोर उमटतो.

चादर दोन थरांची असल्यामुळे उलट बाजूलाही मोर असतोच, फक्त रंगांची अदलाबदल झालेली. लाल जमिनीवरचा पांढरा मोर पालटून पाहिला की पांढऱ्या जमिनीवर लाल. लहानपणापासून अंगावर घेतोय, पण ते तसं का होतं हे आज मागापाशी उभं राहिल्यावर समजलं.

मी फोटो काढत होतो तेव्हा विणकर अण्णा माग थांबवून जवळ आले. "काय करायलाव हे? आमचं बंद पडलं समजून काढायलाव का?"

म्हटलं, तसं नाही अण्णा, वाचनालयात चादरीची खोली करतोय, लोकांना बघायला.

"मग बघायला इथंच घेऊन या की त्यांना. दोन गल्ल्या तर आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१४ जून

अण्णांच्या प्रश्नाने आराखडा उलटापालटा झाला. मूळ कागदावर पहिलीच ओळ होती : "प्रवेश करताच मागाचा आवाज." खोडली. ज्या गल्लीत खरा माग सकाळपासून वाजतो तिथे वरच्या मजल्यावर स्पीकर लावून तोच आवाज वाजवायचा म्हणजे वाजत्या मागाला आपणच श्रद्धांजली वाहिल्यासारखं होतं. पूर्वेकडची खिडकी उघडी ठेवायची. आवाज येतो तेवढा येईल.

आता निकष असा : जे बाजूच्या शेडमध्ये जाऊन बघता येतं ते खोलीत नको. त्यासाठी शेडचा नकाशा आणि वेळ देऊ, मालक तयार असतील तर. खोलीत फक्त तेच, जे शेडमध्ये बघता येत नाही. बंद पडलेल्या गिरण्या. घरात जमिनीत खड्डा करून बसवलेला खड्डामाग. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका. ग्राफ कागदावर चौकोन रंगवून डिझाइन करणारे. आणि हे सगळे तेलंगणातून इथे कसे आले, घरात तेलुगू आणि दारात मराठी कशी झाली, ते.

२७ जून

आज वाद झाला. आमच्यातल्या एका तरुण दोस्ताला मुख्य फलक असा हवाय : "जगातला पहिला कॉम्प्युटर सोलापुरात विणतो!" उद्गारचिन्हासकट.

त्यातली खरी गोष्ट नाकारत नाही. जॅकार्डचं यंत्र फ्रान्समध्ये, लियाँ शहरात, १८०४ च्या सुमाराचं. इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात आपल्या आकडेमोड करणाऱ्या अ‍ॅनालिटिकल इंजिनाला हुकूम देण्यासाठी याच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हरमन हॉलरिथने भोकं पाडलेली कार्डं वापरली. भोक आहे किंवा नाही, हो किंवा नाही. साखळी सरळ आहे, शाळेच्या पोरांना सांगायला उत्तम.

पण मुख्य फलकावर ती नको. कारण तसं केलं की चादर मोठी ठरते ती फक्त कॉम्प्युटरची आजी म्हणून. अण्णांच्या आयुष्यात बॅबेज कुठेच नाही. त्यांचं दुखणं सुताचा भाव, विजेचं बिल आणि चादरीच्या नावावर बाहेरून येणारा हलका माल. फलक कोपऱ्यात, टेबलाच्या कडेला, पोरांच्या उंचीवर लावू. तडजोड झाली. चहा त्याने पाजला.

९ जुलै

टेबल. नेदरलँड्समधल्या हेगच्या म्युझिऑन संग्रहालयात २०१५ मध्ये अटलांटिक वॉलवर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन किनारी तटबंदीवर, एक प्रदर्शन झालं होतं. तिथे बघणाऱ्याच्या हातात एक वस्तू देत, पिण्याचा मग किंवा साखरेची पुडी अशी काहीतरी. ती ठरावीक जागी ठेवली की गोष्ट सुरू. कुठली वस्तू उचलली त्यावरून ठरायचं की गोष्ट जर्मन सैनिकाची, सरकारी माणसाची की तिथल्या रहिवाशाची. पडद्यावर बटणं दाबत बसायचं नाही. त्यांना वस्तूंच्या प्रतिकृती बनवाव्या लागल्या होत्या. आपल्याकडे खरे पुठ्ठे रद्दीच्या भावाने मिळतात, कारण काही शेडमध्ये आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलंय आणि जुन्या माळा पोटमाळ्यावर पडून आहेत.

म्हणून : पुठ्ठा उचला, टेबलावरच्या खाचेत ठेवा, माणूस बोलायला लागेल. पुठ्ठ्याच्या मागे एनएफसीचा (जवळून बिनतारी वाचता येणारा) टॅग, टेबलाखाली तो वाचणारा रीडर, त्याला जोडलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि समोर एक पडदा. टॅगमध्ये फक्त एक क्रमांक, बाकी सगळं यंत्रात. इंटरनेट लागत नाही.

आज कळलेल्या गोष्टी. रीडरची पोच जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर. आमच्या सुतारमामांनी आणलेलं प्लाय जाड, त्यातून टॅग मधूनच लागायचा. मामांनी खाचेच्या खालून प्लाय कोरून काढलं, वर नखाएवढी जाडी ठेवली. आता ठेवल्याबरोबर लागतो. लोखंडी टेबलाचा विचार सोडला. मागाचा जुना सांगाडा टेबल म्हणून दिसला छान असता, पण धातूजवळ हे टॅग मुके होतात. मधे फेराइट या चुंबकीय पदार्थाचा थर द्यावा लागतो आणि तो खर्च पुठ्ठ्यागणिक. शिवाय पुठ्ठ्याच्या भोकांवर टॅग चिकटवायचा नाही, कडेच्या कोऱ्या पट्टीवर चिकटवायचा. लोक भोकांतून आरपार बघतात. बघू देत.

१० जुलै

चाचणीला कुणी आलं नाही. आज त्या पेठेत पाणी येण्याचा दिवस. चार-पाच दिवसांतून एकदा येणारं पाणी सोडून पुठ्ठे ठेवायला कोण येणार? पुढच्या सगळ्या तारखा पाण्याचं वेळापत्रक बघून.

२३ जुलै

रेकॉर्डिंग. आराखड्यात "भाषा निवडा : मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू" असा पहिला पडदा होता. सोलापूरसाठी तो शहाणपणाचा वाटला होता. ऐकून बघितल्यावर निरुपयोगी ठरला, कारण माणसं तशी बोलतच नाहीत. कांड्या भरणाऱ्या अक्का आईबद्दल तेलुगूत बोलतात, मुकादमाची नक्कल मराठीत करतात, हिशेब परत तेलुगूत आणि शेजारणीशी झालेलं भांडण दख्खनी उर्दूत सांगतात, तेही एकाच दमात. यातली कुठली "भाषा निवडा"?

मशीनकडून आपोआप लिहून घेण्याचा प्रयोग केला. ते आधी एक भाषा विचारतं आणि मग बाकीच्या भाषांतली वाक्यं त्याच भाषेत कशीबशी कोंबतं. अक्कांच्या तोंडी अशी काही वाक्यं आली की त्या स्वतः हसून गडबडा लोळल्या. आता कॉलेजच्या दोन मुली हाताने लिहून काढतायत. दोघींच्या घरी तेलुगू.

ठरलं : भाषा निवडायची नाही, माणूस निवडायचा. प्रत्येक जण आपल्या बोलीत बोलेल, खाली मराठी ओळी येतील. एका सदस्याचा आक्षेप की तेलुगू भाग मराठीत डब करा, पाहुण्यांना सोपं जाईल. नको म्हटलं. या शहरात रोज बसमध्ये शेजारचा माणूस वेगळ्या भाषेत फोनवर बोलतो आणि आपण अर्धं समजून घेतो. खोलीतही तसंच ऐकू येऊ दे.

६ ऑगस्ट

आजची चाचणी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून सविस्तर.

निवृत्त गिरणी कामगार आणि जुने जॉबर (गिरणीतले मुकादम) अशी मंडळी बोलावली होती. हेडफोन लावले, पुठ्ठे ठेवले. एक जॉबर मामा हेडफोन कानाला घट्ट दाबून बसले होते. चेहऱ्यावर काहीच नाही. विचारलं, ऐकू येतंय का मामा? मान हलवली. आवाज वाढवला. परत मान हलवली. मग त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, माझ्याकडे बघून म्हणाले, "आवाज येतोय. काय बोलायलेत ते येईना." आणि लगेच, "तू बोल की. तुझं समजतंय."

माझं समजत होतं कारण ते माझ्या ओठांकडे बघत होते. शेडमध्ये उभी हयात गेलेला माणूस ओठ वाचायला आपोआप शिकतो. आठ तास ८५ डेसिबलच्या वर राहिलं तर कानाला धोका असं मानतात आणि मागाच्या शेडमध्ये आवाज त्याच्या बराच वर असतो. अशा आवाजाने कान जातो तो सगळ्या सुरांना सारखा जात नाही. आधी ४००० हर्ट्‌झच्या आसपासचा भाग जातो. म्हणजे माणूस बोलतोय हे कळतं, पण "स", "श", "फ" अशी बारीक व्यंजनं गळून पडतात आणि शब्दांचा चोथा होतो. आवाज कितीही वाढवला तरी तोच चोथा मोठ्याने ऐकू येतो.

विणकरांच्या खोलीतलं यंत्र विणकरांनाच ऐकू येऊ नये, हे कुठल्याच संग्रहालयाच्या मार्गदर्शिकेत मी वाचलेलं नाही. तिथे बधिर प्रेक्षकांसाठी वेगळी सोय सांगतात. इथे जुनी पिढी हाच मुख्य प्रेक्षक.

बदल, आजपासून :

चित्रीकरण चेहऱ्याचं, समोरून, पडदाभर, ओठ स्पष्ट दिसतील असं. आधीचे शॉट बोलणाऱ्याच्या हातांचे होते. दिसायला सुंदर, पण बाद. मिशांचं काय करायचं ते त्या त्या मामांवर सोपवलंय.

बोलण्यामागे कसलंही पार्श्वसंगीत नाही, मागाचाही आवाज नाही.

खालची अक्षरं मोठी, दोनच ओळी, आणि बोलण्याच्या वेगापेक्षा जरा जास्त वेळ थांबणारी.

हेडफोन काढून टाकले. टेबलासमोरच्या बाकाखाली छोटा स्पीकर. सगळी टोळी एकत्र ऐकेल, एक जण दुसऱ्याला समजावून सांगेल. तसंही ते तसंच करणार होते.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा, मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव. काम बंद. पद्मशाली या विणकर समाजाचा मोठा सण, रस्ते फुललेले. फोनला नेटवर्क नाही, एक फोटोही जाईना. आपलं यंत्र इंटरनेटशिवाय चालतं याचा पुन्हा आनंद झाला. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वरच्या जत्रेच्या, दिवसांत देवळाच्या आवारातही हेच होतं. जत्रेच्या शहरात ऑनलाइन काही करायचं तर जत्रा सोडून बाकीच्या दिवसांपुरतं.

२ सप्टेंबर

ग्राफचा प्रश्न. एका डिझाइनरने जुने ग्राफ कागद दिले. एक चौकोन म्हणजे एक हूक, एक ओळ म्हणजे एक पुठ्ठा. रंग उडालेत पण मोराच्या मानेचा घाट बघत राहावा असा. मी उत्साहाने मोठ्या दर्जाचं स्कॅनिंग करून सगळ्यांना उतरवून घेण्यासाठी खुलं ठेवायचं म्हणत होतो. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग उद्या हाच मोर बाहेर कुणी काढला तर?"

बरोबर आहे त्यांचं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नावाला आणि मूळ ठिकाणाला राखतं. अमुक एका मोराला नाही. एखाद्या डिझाइनचं रक्षण हवं तर डिझाइन कायदा, २००० खाली वेगळी नोंदणी लागते, तीही दहा वर्षांची, पुढे पाच वाढवून मिळतात. जुन्या ग्राफला त्यातलं काहीच नाही. "सगळं खुलं करा" हा आमच्या तंत्रवाल्यांचा आवडता मंत्र. ज्याचं पोट त्या चौकोनांवर चालतं त्याला तो मंत्र कोण सांगणार?

ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू या आदिवासी लोकांसोबत काम करताना उभी राहिलेली मुकुर्तू नावाची प्रणाली आहे. कुठली गोष्ट कुणी बघायची, हे त्यात समाज स्वतः ठरवतो. आपण तेवढी मोठी प्रणाली नाही घेतली, तत्त्व घेतलं. मूळ स्कॅन डिझाइनरकडे, एका डिस्कवर. खोलीत मोराची फक्त मान आणि तुरा, मोठा करून. पूर्ण ग्राफ नाही.

संमतीपत्र त्याच दमात नव्याने लिहिलं. आवाज आणि चेहरा ही माणसाची वैयक्तिक माहिती आहे, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दिलेली संमती परत घेण्याचा हक्क आहे. आमच्या कागदावर ते एका वाक्यात : "मला नको वाटलं त्या दिवशी माझं बोलणं काढून टाकायचं, कारण विचारायचं नाही." सह्यांसाठी वेगळी वही केली, ती वाचनालयात राहील, माझ्या लॅपटॉपमध्ये नाही.

१८ सप्टेंबर

अक्षरं. छोटी नोंद, पण डोकं खाल्लं.

एक : पडद्यावर "ल" आणि "श" हिंदी वळणाचे येत होते. मजकुराला भाषेचा कोड मराठी असा दिला की चांगल्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं आपोआप येतात. मुलींनी मजकूर हिंदीच्या साच्यात भरला होता, तेवढं बदललं.

दोन : अक्कांचं एक तेलुगू गाणं ओळींसकट दाखवायचंय. तेलुगू लिपी खोलीत येणाऱ्या तरुणांना वाचता येत नाही, बोलता येते. म्हणून देवनागरीत तेलुगू. तेलुगूत ए आणि ओ ऱ्हस्वही असतात. युनिकोडमध्ये त्यासाठी देवनागरी ऎ आणि ऒ आहेत, पण ते कुणी ओळखत नाही. छपाईची चूक वाटते सगळ्यांना. साधा ए, साधा ओ ठेवला. गाणारीला चाल ठाऊक आहे.

५ ऑक्टोबर

गिरण्यांचा कोपरा. प्रस्ताव होता की जुन्या मिलचं त्रिमितीय चित्र संगणकावर उभारू आणि त्यात लोकांना फिरवू. फोटो किती मिळाले? बाहेरून काही, आतले फारच थोडे, आणि तेही वेगवेगळ्या काळांतले. उरलेलं सगळं आपल्या मनाने भरावं लागणार. वारशाच्या संगणकी चित्रांसाठी तत्त्वं सांगणाऱ्या २००९ च्या लंडन चार्टरचा आग्रह असा की संगणकाने उभारलेल्या अशा दृश्यात पुरावा कुठला आणि तर्क कुठला हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. तसं प्रामाणिकपणे रंगवलं असतं तर तीन चतुर्थांश मिल अंदाजाच्या रंगात गेली असती. रद्द.

त्याऐवजी कागद. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, आपली जुनी मिल, १८७७ ची. १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून कारभार हातात घेतला. एक भागधारक थेट सुप्रीम कोर्टात गेला : चरणजितलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार, १९५०. एकाच कंपनीसाठी कायदा करता येतो का, हा प्रश्न. राज्यघटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. समानतेच्या हक्काचा धडा म्हणून कायद्याच्या वर्गात हा निकाल अजून शिकवतात आणि बाहेरगावच्या वकिलांना त्यामुळे "शोलापूर" हे नाव माहीत असतं. आपल्या पोरांना मात्र तिथे मिल होती हेच माहीत नसतं. या कोपऱ्याला यंत्र नको. निकालाच्या पहिल्या पानाची मोठी प्रत, दोन परिच्छेद, पुरे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर गिरणी कामगार रस्त्यावर आले, मार्शल लॉ लागला, त्याची एक ओळ आणि चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांकडे जाण्याचा रस्ता. १२ जानेवारी १९३१ ही त्यांच्या फाशीची तारीख इथे सगळ्यांना पाठ आहे, तिथे आम्ही काय शिकवणार.

भोंगा मात्र हवा होता. गिरणीच्या भोंग्यावर शहर उठायचं, जेवायचं, झोपायचं. खरा ध्वनिमुद्रित भोंगा हाती आला नाही. इंटरनेटवर कारखान्यांच्या शिट्ट्या पुष्कळ पडल्यात, कुठल्या तरी परदेशी बंदरावरच्या. एक डाउनलोड करून जॉबर मामांना ऐकवली. मामांनी (कानाला कमी असूनही) हात झटकला. "हे कसलं! रेल्वेचं इंजिन वाटतंय." आणि छातीत हवा भरून स्वतः काढून दाखवला. खालून सुरू होऊन वर चढणारा, वर बराच वेळ थांबणारा आणि मग दमल्यासारखा उतरणारा. बाजूच्या काकांना पटला नाही. "तो तुमच्या मिलचा. आमचा जाड होता." त्यांनी आपला काढला. मग सगळ्यांनीच काढले. खोलीत दहा मिनिटं नुसते भोंगे. खाली वाचणारी मंडळी वर येऊन बघून गेली.

तेच ठेवतोय. भोंग्याचा पुठ्ठा ठेवला की म्हातारी माणसं तोंडाने भोंगा काढतात, एकामागून एक, नावाऐवजी मिलचं नाव. खोटा आवाज एकही नाही. खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकल्पात माझं सर्वात आवडतं हेच आणि त्यात माझी कारागिरी शून्य आहे.

२४ ऑक्टोबर

वीज. पुठ्ठा बोलता बोलता लाइट गेले तर रास्पबेरी पायचं एसडी कार्ड खराब होऊ शकतं, कारण त्याच क्षणी त्यावर काही लिहिलं जात असतं. उपाय जुना आहे : कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवायचं, लिहिणं सगळं तात्पुरत्या मेमरीत. मग स्विच कितीही वेळा दाणकन बंद करा, काही होत नाही. शिपाईमामांना करून दाखवलं. त्यांनी खात्रीसाठी स्वतः बंद-चालू करून बघितलं, जरा जास्तच हौसेने.

आत पंखा असलेला संगणक घेतला नाही हेही योग्य ठरलं. खिडकी उघडी, शेडमधून रुईचा भुरका येतो. आठवड्यात टेबलाखाली पांढरा थर. पंखा असता तर त्याने तो सगळा ओढून घेतला असता. धातूची बंद पेटी तेवढी गरम होते, चालवून घेऊ.

१६ नोव्हेंबर

उघडलं. भाषणं झाली. सगळ्यात गर्दी भोंग्यावर, अपेक्षेप्रमाणे.

अपेक्षेबाहेरचं : मुलं पुठ्ठा उलटा ठेवतात, टॅग वरच्या बाजूला. तरी लागतो. पुठ्ठ्याच्या जाडीची आडकाठी होत नाही. पण लागल्यावर त्यांना वाटतं की उलट बाजूला दुसरी गोष्ट असेल आणि ती पुन्हा पुन्हा पालटत राहतात. चादरीसारखी! हे आपल्याला सुचायला हवं असं एक पाहुणा म्हणाला. प्रत्येक पुठ्ठ्याला उलट बाजू द्यायची का? एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला कामगार? कल्पना मोहात पाडणारी आहे. पण टेबल पुन्हा उघडून दुसरा रीडर, दुसरे टॅग, आणि मालक कॅमेऱ्यासमोर कामगाराइतकं मोकळं बोलतील का? तूर्त वहीत.

विणकर अण्णा संध्याकाळी आले, बाकावर बसून अक्कांचं गाणं पूर्ण ऐकलं. नंतर खिडकीपाशी गेले. "माझा माग हितनं ऐकू येतोय की," असं म्हणून आपल्या मागाचा आवाज शेजाऱ्याच्या मागापासून वेगळा करून मला दाखवायला लागले. मला काही वेगळा करता आला नाही. शेडच्या वेळा मात्र त्यांनी नक्की केल्या : सकाळी दहा ते बारा, एका वेळी थोडीच माणसं, पदर-ओढण्या खोचून आणि पोरांचे हात धरून.

७ डिसेंबर

देखभालीची वही शिपाईमामांच्या ताब्यात. त्यांची आतापर्यंतची नोंद : "पुठ्ठा क्र. ४ पोराने नेला होता, आईने परत आणला." पुठ्ठे चोरीला जाणार हे गृहीत धरून प्रत्येकाचे जादा टॅग केलेत, टॅगची किंमत चहाएवढी. एक-दोन जाऊ देत.

विडी कामगार बायकांकडून निरोप आलाय की आमचं कधी करता. त्यांच्याशी बोलायला जानेवारीत जायचं, गड्डा उरकल्यावर.

आणि जॉबर मामांचा फोन. त्यांच्या पुठ्ठ्यात त्यांनी एका जुन्या सहकाऱ्याबद्दल, नाव न घेता, जरा कडक बोललंय. तो माणूस नुकताच वारला. मामांना ते आता नको आहे, नवीन बोलायचंय, धोटा उडून लागला होता त्याबद्दल. मी कारण विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. मंगळवारी कॅमेरा घेऊन त्यांच्या घरी, पाण्याचा दिवस नाही ते बघितलंय. जुनी फाइल यंत्रातून, डिस्कवरून आणि माझ्या लॅपटॉपमधून काढायची, संमतीच्या वहीत तारखेसह लिहायचं. टॅगचा क्रमांक तोच राहील, पुठ्ठा बदलायची गरज नाही.